झाकली भिंत

घरातल्या विजेच्या तारा तपासणारा इन्स्पेक्टर हाल्व्हर्सन भिंतीत काय काय बघतो, याबद्दल कोर्पी गावात दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणायचा, तो विजेच्या मुख्य पेटीचं झाकण उघडतो, वास घेतल्यासारखं करतो, मंजुरीची चिठ्ठी चिकटवतो नि चालू लागतो. दुसरा पक्ष म्हणायचा, छे, तो पायताण काढून आत येतो, गुडघे टेकून एकेक भोक तपासतो, आणि घरमालकानं स्वतः ओढलेल्या तारा असल्या की त्याच्या अंगातच येतं. खरं सांगायचं तर दोन्ही पक्षांपैकी कुणीच त्याला काम करताना नीट पाहिलेलं नव्हतं. निम्म्या गावानं आपापल्या घरातल्या तारा कुणालाही न विचारता ओढल्या होत्या, आणि उरलेले निम्मे तो आला की कॉफी ठेवायला आत पळायचे. त्यामुळे या विषयावर बोलायला सगळेच मोकळे होते.

पहिल्या पक्षाचा म्होरक्या होता रूडी निस्कला.

"तू पेटी तेवढी देखणी ठेव," तो दारात उभा राहून मार्लिसला म्हणाला. "पेटीतल्या तारा प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरींसारख्या रांगेत दिसल्या की गडी खूष. भिंतीत काय आहे ते देव बघतो. हाल्व्हर्सन बघत नाही."

मार्लिस जुन्या सोफ्याच्या गादीवर गुडघे टेकून भिंतीच्या उभ्या लाकडाला भोक पाडत होती. ड्रिल तिच्या नवऱ्याचं, वेंडेलचं, पुरुषी वजनाचं. गाठ लागली की ते मनगटाला असा हिसडा द्यायचं की दातापर्यंत कळ जायची. तिनं साठी ओलांडली होती. गुडघे सकाळी उठतानाच कुरकुरायचे, इथं तर दिवसभर त्यांच्यावरच भार. बाहेर बटाट्याच्या रिकाम्या वावरावर दव गोठून पांढरं पडलं होतं आणि सूर्य आला तरी ते उठायचं नाव घेत नव्हतं.

"हातात काही नसेल तर तो लाकडी भुसा झाड," ती म्हणाली.

रूडीनं झाडू घेतला. वेंडेलचा तो धाकटा भाऊ, रस्त्यापलीकडे राहणारा, बिनलग्नाचा, मनाचा चांगला आणि तोंडाचा फाटका. मागच्या ओसरीची खोली करायची ठरल्यावर जमीन, छप्पर, खिडकी सगळं त्यानंच उभं केलं होतं. तारांना मात्र त्याला हात लावता येत नव्हता. घरात राहणाऱ्या मालकानं स्वतःच्या हातानं तारा ओढल्या तर चालतात, नाहीतर परवान्याचा वायरमन लागतो, असा कायदा. आणि जवळच्या ब्रॅकेट शहरातला वायरमन नाताळानंतरची तारीख देत होता.

नाताळापर्यंत थांबणं शक्य नव्हतं. ऑगस्टमध्ये गवताच्या गाठोड्यांवर वेंडेल अर्धांगाचा झटका येऊन आडवा झाला तो उजव्या अंगानं परत उठलाच नाही. तेव्हापासून तो ब्रॅकेटच्या दवाखान्यात व्यायाम करत होता. झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर, आणि जिना त्याला आता या जन्मी चढता येणार नव्हता. म्हणून ओसरीची खोली, आणि म्हणून हे ड्रिल.

काम तिला अगदीच नवं नव्हतं. गोठ्यात, कोठारात, तळघरात वेंडेलनं तारा ओढल्या तेव्हा टॉर्च तिनंच धरला होता. टॉर्च धरणाऱ्याला सगळं दिसतं. शिवाय टॉर्च हलला की शिव्याही त्यालाच बसतात, त्यामुळे लक्षात चांगलं राहतं. तरी दुकानात ती केबलचं भेंडोळं घ्यायला गेली तेव्हा गल्ल्यावरच्या माणसानं "नवऱ्याला विचारून आलीस ना?" म्हणून डोळा मारला होता. नवरा कुठं आहे हे त्याला कुणीतरी मागून सांगितलं, तेव्हा बिचारा पिशवी मोटारीपर्यंत उचलून घेऊन आला. मार्लिसला त्या मस्करीपेक्षा ती उचललेली पिशवी जास्त लागली.

पलंगाच्या उशाजवळ दिव्याचा स्विच नि बेल. त्याचा डबा तिनं वरच्या खोलीत होता तसाच, वेंडेलच्या उजव्या हाताला ठोकला. केबल तिथून खिडकीकडे न्यायची होती. खिडकीजवळच्या लाकडाला मोठी गाठ होती. ड्रिल घसरलं आणि भोक मधोमध पडायचं ते काठाला पडलं. असं झालं की त्या जागी लाकडावर पोलादी पट्टी ठोकायची असते, म्हणजे पुढे भिंतीचे तक्ते लावताना स्क्रू केबलमध्ये घुसत नाही आणि भिंतीत आग धरत नाही. पट्ट्या संपल्या होत्या. तिनं लाल पेन्सिलनं भोकाभोवती गोल केला, विसरू नये म्हणून.

संध्याकाळी वेंडेलच्या खणात थोड्या पट्ट्या सापडल्या. त्या ठोकत असतानाच दवाखान्यातून फोन आला.

*

"शुक्रवारी खाट रिकामी करायचीय," दवाखान्यातल्या बाईनं शनिवारी समोर बसवून पुन्हा सांगितलं. बाई तरुण होती, चेहऱ्यानं दयाळू, आणि दयाळू माणसं वाईट बातमी फार हळू सांगतात. "घरी खालच्या मजल्यावर गरम खोली, उजेड, हाताशी बेल. इन्स्पेक्टरची मंजुरीची चिठ्ठी लागली की मला कळवा. नाहीतर डुलुथच्या शुश्रूषागृहात जागा बघून ठेवलीय. चांगली आहे हो जागा."

डुलुथच्या त्या चांगल्या जागेत कोर्पीची तीन-चार माणसं गेली होती. ती सगळी आता चर्चमागच्या पाइन झाडांखाली होती.

वेंडेल खिडकीशी खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. मार्लिसनं वेलदोड्याचा पुल्ला पाव आणला होता. तो त्यानं डाव्या हातानं खाल्ला, निम्मा सांडला.

"डुलुथ... नको," तो म्हणाला. शब्द तोंडात चिकट पिठासारखे फिरत यायचे.

"कोण पाठवतंय तुला डुलुथला? सोमवारी हाल्व्हर्सन येतोय. भिंत उघडी आहे, तारा ओढून झाल्यात. त्यानं बघितलं की रूडी तक्ते मारणार, मग रंग, मग तू."

वेंडेलनं बराच वेळ तिच्या हातांकडे पाहिलं. बोटं फुटली होती, एका नखाखाली रक्त साकळलं होतं.

"टॉर्च," तो म्हणाला. "कोण... धरतंय?"

"खिळ्याला टांगते. तुझ्यासारखा बोलत नाही तो खिळा. मजेत काम होतं."

वेंडेल अर्ध्या तोंडानं हसला. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदाच हसला होता, आणि मार्लिस परतीच्या वाटेवर त्या अर्ध्या हसण्यावर गाडी हाकत आली.

*

अंगणात गाड्याच गाड्या होत्या. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, धुराड्यातून बर्चच्या लाकडांचा धूर निघत होता. स्वयंपाकघरात गावातल्या आर्डिस कोस्कीनं बटाटे-खिम्याचं मोठं भांडं ओव्हनमधून काढलं होतं, कॉफीचा वास जिन्यापर्यंत भरला होता, आणि सगळे तिच्याकडे असे बघत होते जशी काही तिची वरात आलीय.

"डोळे मीट," रूडी म्हणाला.

"रूडी, मी दमलेय."

"मीट म्हणतोय ना!"

त्यानं तिला खांद्याला धरून ओसरीच्या खोलीत नेलं. तिनं डोळे उघडले. समोर भिंत होती. पांढरी, सपाट, पुरी. थंडी अडवणारी काचेची लोकर भरून झाली होती, जिप्समचे तक्ते चारी बाजूंनी लागले होते, सांध्यांवर पट्ट्या बसल्या होत्या, आणि वरचा लेप अजून ओला चमकत होता.

"तालकोत केलं!" रूडी म्हणाला. कुणाच्या घरचं काम अडलं की गावानं न बोलावता यायचं, दिवसभर राबायचं, घरवाल्यानं फक्त खायला-प्यायला घालायचं, ही फिनलंडहून अमेरिकेत आलेल्या आजोबा-पणजोबांची रीत. त्यांनी आणलेलं बाकी सगळं गेलं, सौना आणि तालकोत तेवढं उरलं. "आणि खाणंपण आर्डिसनं आणलं. तुला बोट हलवायचं नाही."

मार्लिस भिंतीकडे बघत राहिली. कुणीतरी टाळी वाजवली. तिला वाटलं, आनंदानं रडतेय असंच दिसू दे यांना.

"तपासणी," ती शेवटी म्हणाली. "तपासणी व्हायची होती."

आर्डिसचा नवरा एनार, हाताला लेप लागलेला, रूडीकडे बघू लागला. "तू म्हणालास झालीय."

"मी म्हणालो होईल," रूडी म्हणाला. "अरे, सगळे सॉकेटचे डबे उघडे ठेवलेत की! तारांची टोकं बाहेर आहेत. पेटी आहे. त्याला अजून काय बघायचंय? लाकूड? लाकूड त्यानं जन्मात पाहिलं नाही काय? नॉर्वेवाला आहे, लाकडातच जन्मला असेल."

एनार हाताचा लेप पुसू लागला. मार्लिसच्या मनात मात्र भिंतीमागचा लाल गोल पेटला. पट्टी ठोकली होती का तिथं? खणातल्या पट्ट्या हातात होत्या. हातोडी हातात होती. मग फोन वाजला. फोननंतर ती परत आली, की दिवा मालवून वर गेली?

तिला आठवेना.

करायला गेले एक नि झालं भलतंच, पण ज्यांनी केलं ते तिचेच होते, दिवसभर राबले होते, आणि एनारची पाठ आधीच गेलेली. अशा माणसांना काय बोलणार? तिनं सगळ्यांना कॉफी ओतली, सगळ्यांचे आभार मानले, बायकांबरोबर सौनात बसली आणि वाफेत कुणाला दिसणार नाही म्हणून पोटभर रडली.

*

रविवारी चर्चहून आल्यावर ती भिंतीवर बोटानं टकटक करत फिरली. सगळीकडे सारखाच आवाज. भिंतीला विचारून काय कळणार?

रूडी पडेल तोंडानं आला, पण हेका तोच. "गप्प बस. विचारलं तरच बोलायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"भिंत आहे ती, मूठ नाही."

"मार्लिस, त्यानं फाडायला लावली तर? काढा, बघा, परत लावा, लेप वाळवा. आणि तो परत कधी येणार? अर्धा जिल्हा आहे त्याच्याकडे. दोन आठवड्यांनी येतो म्हणाला तर वेंडेल कुठं असेल, सांग."

हे तिलाही माहीत होतं. तोंड उघडावं तर नवरा डुलुथला, न उघडावं तर त्याच भिंतीला डोकं टेकवून तो झोपणार. ती रात्रीपर्यंत चार वेळा एका बाजूला झाली आणि चार वेळा दुसऱ्या.

*

हाल्व्हर्सन सोमवारी सकाळी आला. उंच, वाकलेला, टोपीचे कान खाली ओढलेला, आणि पायताण दाराबाहेर काढून मोज्यांवर आत येणारा. दुसऱ्या पक्षाचं एवढं तरी खरं निघालं.

"कॉफी?" मार्लिसनं विचारलं.

"काम झाल्यावर बघू, मिसेस निस्कला."

पेटीपाशी तो बराच वेळ होता. वास-बीस काही घेतला नाही. प्रत्येक तार चिमटीत धरून हलकेच ओढून पाहिली, एक स्क्रू स्वतःच्या पेचकसानं अर्धा फेरा आवळला. रूडी मागे उभा राहून भुवया उंचावत होता, बघ, पेटीच बघतोय, अशा अर्थानं.

मग हाल्व्हर्सन ओसरीच्या खोलीत आला आणि दारातच थांबला.

"ही कुणी बंद केली?"

मोज्यांतून गारठा चढत असावा, तो पाय बदलत उभा राहिला.

"गावानं," मार्लिस म्हणाली. "तालकोत. मी दवाखान्यात होते."

"चांगल्या मनानं केलं ओ," रूडी मधे पडला. "भाऊ माझा घरी यायचाय. आणि डबे सगळे उघडे आहेत. तुम्ही बघा ना डबे. बाकी सगळं झकास आहे, मी स्वतः पाहिलंय."

"तुम्ही काय पाहिलंत?"

"सगळं."

"मग माझ्या जागी तुम्हीच सही करा." हे त्यानं चिडून म्हटलं नाही, आणि म्हणूनच रूडीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हाल्व्हर्सन मार्लिसकडे वळला. "जे मला दिसत नाही त्याला मी पास म्हणत नाही. घरमालकाचं असो नाहीतर वायरमनचं. ही भिंत तुम्हाला ठाऊक आहे, मला नाही. काही सांगायचंय का?"

रूडीनं तिच्याकडे पाहिलं. नको, असं तो नुसत्या डोळ्यांनी म्हणत होता.

"खिडकीजवळ," ती म्हणाली. "गाठीमुळे भोक काठाला पडलंय. पट्टी ठोकली की नाही, आठवत नाही मला. देवाशप्पथ आठवत नाही. पलंग तिथंच यायचाय."

"मार्लिस!" रूडी ओरडला.

"ओरडू नकोस. तिथं तुझा भाऊ झोपणार आहे."

"झोपेल ना! डुलुथला झोपेल! घे, झालं तुझं समाधान!" त्यानं टोपी उचलली आणि दार इतक्या जोरात आपटलं की ओल्या लेपाची एक पपडी खाली आली.

हाल्व्हर्सननं ती पपडी उचलून खिडकीत ठेवली. "ही आणि ही, दोन्ही भिंती उघडा," तो म्हणाला. "बाकीच्या भिंतींना नि छताला हात लावू नका, तिथं तारा नाहीत. मी तळ्याकाठी दिवसभर आहे. जाताना इथूनच जातो. उघड्या असल्या तर बघेन."

"आजच?"

"आजच. नसल्या तर मग पुढच्या फेरीला."

तो पायताण चढवून गेला. कॉफी तशीच राहिली.

*

भिंत बांधण्यापेक्षा उतरवणं वाईट. बांधताना पुढे काहीतरी दिसत असतं. मार्लिसनं ओला लेप पात्यानं खरवडला आणि खालचे स्क्रू शोधून एकेक उलटा फिरवू लागली. तक्ते फोडता आले असते, पण नवे आणायला दिवस गेला असता. लेपाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. पहिला तक्ता सुटला तो तिच्या अंगावरच आला. तिनं तो पाठीनं तोलून धरला आणि तशीच उभी राहिली, ना टाकता येत ना ठेवता येत.

तक्ता हलका झाला. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी धरला होता.

"पाठ मोडून घेशील," रूडी म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याच्यामागे एनार होता, कमरेला पट्टा बांधलेला, आणि हातात केक घेऊन आर्डिस. "तालकोत लावायला येतं तसं काढायलाही येतं. आजोबांनी तसं कधी सांगितलं नव्हतं, पण असेल."

मग कामाला वेग आला. रूडीनं खिडकीकडची बाजू घेतली. स्क्रूचं यंत्र गुरगुरायचं, स्क्रू बादलीत पडायचा, पुन्हा गुरगुरायचं. एका जागी ते गुरगुरता गुरगुरता अडखळलं. रूडीनं यंत्र ठेवलं आणि तो स्क्रू हातानं, पेचकसानं काढला. खिडकीच्या उजेडात धरला.

लांब स्क्रू होता. आखूड संपले म्हणून शनिवारी त्यानं घरच्या छपराचे आणले होते. त्याच्या टोकाला पांढऱ्या प्लास्टिकचा बारीक पीळ चिकटला होता, आणि आट्यांमध्ये तांब्याची चमक होती.

त्यानं तक्ता बाजूला केला. लाल गोल तिथंच होता, ठसठशीत. पट्टी नव्हती. गोलाच्या मधोमध भोक, आणि भोकातल्या केबलमधून स्क्रू आरपार गेल्याची खूण.

रूडी उपड्या बादलीवर बसला.

"मी मारला हा," तो म्हणाला. "मला आठवतंय. घट्ट लागला तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, हा बघ, चांगला धरला."

मार्लिसनं स्क्रू त्याच्या हातातून घेतला. वेंडेलला घाईत उठता येत नाही. वेंडेलला मोठ्यानं हाक मारता येत नाही. ही दोन वाक्यं तिच्या डोक्यात एकामागून एक आली आणि पाठीतून थंड पाणी गेलं. मग त्याच पाण्यामागून दुसरं काहीतरी आलं, ऊन, मोकळं, आणि तिला कळलं की ती हसतेय नि डोळ्यांतून धारा लागल्यात.

"खूण केली मी आणि पट्टी विसरले मी," ती म्हणाली. "तू एकटा नाहीस. दोघांनी मिळून मारला असता त्याला, रूडी. आणि गावानं वर रंग दिला असता."

"हसतेस काय?"

"सापडला म्हणून हसतेय, खुळ्या! सापडला ना!"

आर्डिसनं केक कापायला घेतला, कारण अशा वेळी दुसरं काय करायचं तिला माहीत नव्हतं.

*

हाल्व्हर्सन आला तेव्हा उजेड कलला होता. दोन्ही भिंती उघड्या, लोकर बाजूला रचलेली, भोक पडलेली केबल काढून नवी ओढलेली, आणि लाल गोलावर पोलादी पट्टी, जरा जास्तच खिळ्यांनी ठोकलेली. मार्लिसनं त्याला काही न सांगता स्क्रू दिला. त्यानं तो बोटांत फिरवून परत दिला.

"वर्षानुवर्षं काही झालंही नसतं," तो म्हणाला. "किंवा झालं असतं."

मग तो खाली बसला. दुसऱ्या पक्षाचं उरलेलंही खरं निघालं. प्रत्येक भोकात बोट घालून, प्रत्येक डब्यात टॉर्च मारून, गुडघ्यांवर सरकत सरकत तो खोलीभर फिरला. मार्लिसला आपण शाळेत फळ्यापुढे उभं असल्यासारखं वाटत होतं. दोन ठिकाणी त्यानं केबल अडकवायला आकडा मागितला. तिनं तो तिथल्या तिथे मारला. हातोडी अंगठ्यावर बसली तरी तिनं हूं की चूं केलं नाही.

उशाजवळच्या स्विचच्या डब्याशी तो थांबला. बराच वेळ थांबला.

"काय चुकलं?" मार्लिसनं विचारलं.

"कायद्यानं काही नाही. पलंग कसा येणार? डोकं इकडे?"

"हो."

"मिस्टर निस्कलांची कुठली बाजू गेलीय?"

चाळीसेक वर्षं वेंडेलनं उजवा हात लांब करून दिवा घालवला होता. तिनं डोळे मिटून डबा तिथंच ठोकला होता, जिथं तो हात असायचा.

"उजवी," ती म्हणाली.

हाल्व्हर्सन उठला, पॅन्टचे गुडघे झटकले. "हे माझ्या तपासणीत येत नाही. हा जिथं आहे तिथं पास आहे." त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "पण भिंत उघडीच आहे. कॉफी असेल तर मी एक कप घेईन. सावकाश पितो मी."

तो खरंच सावकाश प्यायला. आर्डिसच्या केकचे दोन तुकडे खाल्ले, एनारला पाठीचा व्यायाम सांगितला. तेवढ्यात मार्लिसनं पलंगाच्या दुसऱ्या बाजूला डबा ठोकला, भोकं पाडली, केबल फिरवली. रूडीला तारेला हात लावता येत नव्हता, म्हणून तो गुडघ्यावर बसून टॉर्च धरत होता. टॉर्च हलला तशी मार्लिसनं त्याला वेंडेलची एक जुनी शिवी घातली. त्यानं ती निमूट घेतली.

हाल्व्हर्सननं नवा डबा पाहिला, मग पेटीवर मंजुरीची चिठ्ठी चिकटवली. "झाका आता," तो म्हणाला. "आखूड स्क्रूनं." सगळं जोडून झाल्यावर आणखी एकदा तो येणारच होता. त्या तपासणीची आता कुणाला भीती उरली नव्हती.

रूडी त्याला गाडीपर्यंत पोचवायला गेला. आतून मार्लिसला त्याचा आवाज ऐकू आला, कधी नव्हे तो खालच्या पट्टीत. "ते... माझ्या सौनात मी दोन दिवे घेतलेत. म्हणजे, माझे मीच. कुणी बघितलेले नाहीत."

"माहीत आहे," हाल्व्हर्सन म्हणाला. "रस्त्यावरून दिसतात."

*

शुक्रवारी दुपारीच आभाळ झाकोळलं आणि पहिलं बर्फ भुरभुरू लागलं. एनार आणि रूडीनं वेंडेलला खुर्चीसकट उतरवून आत आणलं. रंग अजून ओला वास मारत होता. पलंगावर टेकवल्यावर वेंडेलनं भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, सगळीकडे काहीतरी खोट काढायच्या जुन्या सवयीनं पाहिलं.

"स्विच तिकडे आहे," मार्लिस म्हणाली. "डाव्या हाताला."

त्याचा उजवा खांदा आधी हलला, जुन्या सवयीनं. मग डावा हात गादीवरून सरकत गेला, चाचपडला, सापडला. खोली अंधारली. पुन्हा उजळली. पुन्हा अंधारली. रूडी टोपी तोंडाला लावून बाहेर निघून गेला.

तीन महिने वेंडेलचा दिवा दुसरं कुणीतरी घालवत होतं.

"जा... सगळे," अंधारातून वेंडेल म्हणाला. "माणसाला... झोपू द्या."

मार्लिस स्वयंपाकघरात येऊन बसली. कॉफी गार झाली होती, तिनं तशीच घेतली. अंग मोकळं झालं होतं, गुडघेसुद्धा आज कुठं दुखत नव्हते, की दुखत होते आणि तिला कळत नव्हतं. भिंतीपलीकडे खटका वाजला. मग पुन्हा वाजला. झोपायचं म्हणाला होता, पण गडी दिव्याशी खेळत बसला होता.

तिनं उठून खिळ्यावरचा टॉर्च काढला आणि खणात ठेवून दिला.